घोडा नाचलाच पाहिजे

बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, हा आमच्या बिल्डिंगचा पहिला नियम. तो भाड्याच्या करारात आहे, लिफ्टमध्ये चिकटवलेला आहे आणि वॉचमनच्या तोंडी दिवसभर आहे. त्या संध्याकाळी मी ड्युटीवरून घरी आले, तर आमच्या मजल्यावर त्यावरूनच तमाशा चालला होता. समोरच्या फ्लॅटच्या दारात वॉचमन, आणि त्याच्यासमोर एक बुटकी, सावळी, केस घट्ट बांधलेली बाई. ती आवाज न चढवता त्याला सांगत होती, "इट इज नॉट ड्राइंग. इट इज ब्रीदिंग."

कापड श्वास घेतंय म्हणे! वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. मी दारातून आत पाहिलं. बाल्कनीत सावलीला, खुर्चीच्या पाठीवर एक रेशमी कापड पसरून ठेवलं होतं. लाल, आणि त्यावर बारीक चौकड्या.

मी वसईची. कॅथलिक. माझी आई आयुष्यभर लाल चौकड्यांचं लुगडं नेसली, चर्चला तेच, शेतावर तेच, आणि पेटीत ठेवली तेव्हाही तेच. ती गेल्यावर तिचं एक लुगडं मी इकडे आणलं आणि सुटकेसमध्ये तळाशी घडी करून ठेवलं. त्या लुगड्याला मी कितीतरी दिवसांत हवा दाखवली नव्हती. इथे ही कोण कुठली बाई, आपल्या कापडाला श्वास घेऊ द्या म्हणून भांडत होती. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी भांडते.

"भैया," मी वॉचमनला म्हटलं, "कपड़ा सुखाने का मना है ना? हवा देने का कहाँ लिखा है? दिखाओ."

"मॅडम, आप दोनों मिल के मेरी नौकरी खाओगे," असं म्हणत तो लिफ्टकडे गेला. आमची मैत्री झाली ती अशी.

आम्ही राहतो दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत, इंग्लंड क्लस्टरमध्ये; इथे बिल्डिंगच्या गटांना देशांची नावं आहेत. वसईची मी आणि ती मंदार, दोघी इंग्लंडमध्ये. मंदार म्हटल्यावर मी हसले होते, कारण आमच्याकडे दर गल्लीत एखादा मंदार असतो. ती हसली नाही. तिने मोबाइलवर नकाशा उघडला आणि बोट ठेवलं: इंडोनेशियातलं सुलावेसी बेट, त्याचा पश्चिम किनारा, तिथे समुद्राला चिकटून असलेली गावं. तिथले लोक म्हणजे मंदार. पुरुष समुद्रावर जातात, अरुंद पांढऱ्या शिडाच्या होड्या घेऊन, ज्यांना दोन्ही बाजूंना बांबूचे हात असतात. बायका घरी मागावर बसून रेशीम विणतात. ते चौकड्यांचं कापड म्हणजे लिपा, आणि ते तिच्या आईने विणलेलं होतं.

"इथे मला सगळे फिलिपिना समजतात," ती म्हणाली. "नाही म्हटलं की म्हणतात, ओके, जाव्हा. जाव्हा पण नाही म्हटलं की कंटाळतात."

मला हे नवीन नव्हतं. मी ख्रिश्चन आणि इंडियन म्हटलं की समोरचा म्हणतो, गोवा. गोवा नाही म्हटलं की म्हणतो, केरला. मग मी मराठी बोलते म्हटलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी कुणाची तरी भाषा उचलून आणली आहे. नवरा म्हणतो, सोड ना, हो म्हणून टाक. मी का हो म्हणू? माझ्या आईने गोव्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

आमचं बोलणं व्हायचं इंग्रजी आणि हिंदीच्या खिचडीत. ती एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर होती, त्यामुळे तिची हिंदी पेशंटकडून शिकलेली: "दर्द किधर है, अंकल?" या थाटाची. तिचा नवरा अबू धाबीहून सुटणाऱ्या मालवाहू बोटीवर, महिना महिना पाण्यात. दोन मुली: थोरली दहा वर्षांची, धाकटी चारची. आईशी मंदारमध्ये बोलायला गेलं की थोरली इंग्रजीत उत्तर द्यायची. माझा मुलगाही तसाच वाढला, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींकडे बघून फक्त मान हलवायचो.

स्वयंपाकघरात मात्र आम्हाला भाषेची गरज पडली नाही. तिने पहिल्यांदा मासा केला तेव्हा त्यात सुकवलेल्या कैरीच्या फोडी टाकताना मी तिला पाहिलं. आंबोशी! माझी आई बांगड्यात हेच घालायची. मी माझ्या डब्यातली आंबोशी तिला दिली, तिने तिची मला दिली, आणि कुणाची जास्त आंबट यावरून आमचं आजवर एकमत झालेलं नाही. एकदा अशीच मासे साफ करता करता मी तिला माझ्या लग्नाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. माझं सासर मुंबईचं, सुधारलेलं. त्यांनी निरोप पाठवला की बँड वगैरे नको, नळाला पाणी आहे. आईने निरोप आणणाऱ्यालाच सांगून पाठवलं, "बँड येणार, आम्ही विहिरीवर जाणार. ज्याला लाज वाटते त्याने घरात बसावं." आणि ती डोक्यावर कळशी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालली.

ही गोष्ट तिला फार आवडली. तिने ती मला दोनदा सांगायला लावली. पुढे ती माझ्याच अंगावर येणार आहे हे मला तेव्हा कुठे माहीत.

थोरली मुलगी रोज शाळेतून आल्यावर आईजवळ बसून कुराण वाचायची. धाकटी शेजारी बसून अलिफवर, म्हणजे पहिल्याच अक्षरावर, बोट ठेवायची आणि तिथेच अडकून राहायची. थोरलीला मध्ये मध्ये कंटाळा यायचा, तेव्हा आई एवढंच म्हणायची, "घोडा." की मुलगी पुन्हा वाचायला लागायची. मला वाटलं, हा त्यांचा काहीतरी दटावणीचा शब्द असेल. एकदा विचारलं, तर तिने हातातलं काम ठेवून मला सगळं सांगितलं.

मंदार मुलांना लहानपणीच शब्द देतात: कुराण पहिल्यांदा पूर्ण वाचलंस की तू घोड्यावर बसणार. साध्या घोड्यावर नाही. सय्यांग पातुद्दु, म्हणजे नाचणारा घोडा. तो शिकवून तयार केलेला असतो. राबाना नावाची हातात धरायची चामड्याची डफासारखी वाद्यं वाजतात आणि त्या ठेक्यावर घोडा मान हलवत, पुढचे पाय उचलत गावभर नाचत जातो. मुलगी सजून वर बसते, तिच्या पुढे एक मोठी बाई बसते, आणि चार पुरुष दोन्ही बाजूंनी त्यांना धरून चालतात, कारण घोडा खरोखर नाचत असतो. वाटेत एखादा जाणता माणूस घोड्यासमोर उभा राहून मुलीला उद्देशून चार ओळींचं पद म्हणतो. त्या पदांना कालिंदादा म्हणतात. त्यात कौतुक असतं, उपदेश असतो, थोडी चेष्टा पण असते. पद संपलं की सगळी गल्ली एकदम आरोळी देते.

"आरोळी नाही आली तर?" मी विचारलं.

"असं होत नाही," ती म्हणाली. "गल्ली असते ना."

त्या वर्षी सुट्टीत ते चौघं गावी जाणार होते. मुलीच्या आजोबांनी, म्हणजे हिच्या वडिलांनी, नातीसाठी पदं रचून ठेवली होती. ते त्यांच्या गावातले पद म्हणणारे. आवाज आता बसत चालला होता, पण नातीच्या घोड्यासमोर मीच उभा राहणार असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. मुलीचं वाचन पूर्ण झालं, आईने पुडिंग करून मजल्यावर वाटलं, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या कंपनीने त्याची मोठी सुट्टी रद्द केली. बोटीवर माणसं कमी होती. एकटीने दोन मुली घेऊन जावं तर क्लिनिकने हिलाही सोडलं नाही. खलास. जाणं रद्द.

मुलीला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मुलगी टॅबवरून मान वर न काढता म्हणाली, "इट्स फाइन, मामा. इट्स ओन्ली अ हॉर्स."

आईचा चेहरा मी पाहिला. मुलगी रडली असती तर तिला चाललं असतं. त्या 'फाइन'ने तिला मारलं. रात्री भांडी घासताना ती मला म्हणाली, "तिने दोन वर्षं त्या घोड्यासाठी वाचलं, सिस्टर. आज म्हणते फाइन. मी गप्प बसले तर ती हेच शिकेल, की आईचा शब्द असतो तसाच. पुढच्या वर्षी ती अकरा वर्षांची होईल. मग घोडा आणला तरी तिला लाजच वाटेल."

मग त्यांच्या देशाच्या मंडळातल्या एक बाई घरी आल्या. चांगल्या होत्या, हसतमुख, केक घेऊन आल्या होत्या. मंडळाचा कल्चरल डे होता. त्या म्हणाल्या, मुलीला स्टेजवर आणा, आमच्याकडे भाड्याचे छान झगमगते ड्रेस आहेत, आणि मागे घोड्याचा मोठा कटआउट उभा करू. मुलगी त्याच्या बाजूला उभी राहील, निवेदक दोन वाक्यं सांगेल, फोटो होईल. बेटांची संख्या मोठी, म्हणून प्रत्येक भागाला एकच मिनिट.

"कुठला ड्रेस?" हिने विचारलं.

"जो तिला बसेल तो. लोकांना कुठे कळतं?"

मी मनात म्हटलं, आता झालं. पण ही शांतच राहिली. तिने आधी केकचे आभार मानले. मग म्हणाली, "माझ्या मुलीने कुराण पूर्ण वाचलं, अर्धी पानं सोडून नाही. तिला पुठ्ठ्याचा घोडा कसा देऊ? तुमच्या कार्यक्रमाला आम्ही येऊ. टाळ्या वाजवू. पण स्टेजवर नाही."

"इथे असं हट्टीपणाने चालत नाही," त्या बाई उठता उठता म्हणाल्या. "इथे आपण सगळे एक म्हणून दिसायला हवं. गावातल्या गोष्टी गावात."

दार लागलं. मी तिला पाणी दिलं. आमच्या पॅरिशच्या कम्युनिटी डेला मला असाच सल्ला मिळाला होता: लुगडं नको, गाऊन घाल, स्टेजवर सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत. तेव्हा मी स्टेजवर गेलेच नव्हते आणि त्यात फार मोठा तीर मारला असं समजत होते. पण ही तिथे थांबणारी बाई नव्हती. ती न जाण्याचं समाधान मानून बसली नाही. ती म्हणाली, "मला घोडा पाहिजे."

आणि घोडे माझ्याकडे होते.

माझी नोकरी एका हॉटेलात बँक्वेटची. म्हणजे दुबईत येऊन लग्न करणाऱ्या भारतीयांची वरात हॉटेलच्या दारापर्यंत सुखरूप आणायची, हे माझं काम. नवरदेवाची घोडी कुठून येते, तिला परवानगी कुठवर आहे, ती ढोलावर कशी नाचते, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. घोडीवाला राजस्थानचा, त्याचा तबेला सिलिकॉन ओएसिसच्या पुढे, वाळवंट सुरू होतं तिथे. घोडी आमच्या क्लस्टरमध्ये आणायची मी खटपट करून पाहिली. बिल्डिंगच्या ऑफिसातल्या माणसाने आधी मी थट्टा करतेय असं समजून हसून घेतलं आणि मग ठाम नाही म्हटलं. रस्त्यावर तर प्रश्नच नव्हता. राहिला तबेला.

"पण तिथे गल्ली कुठे आहे?" ती म्हणाली. "कुणाच्या दारावरून गेलाच नाही तर तो घोडा कसला?"

मी घोडीवाल्याला फोन केला. त्याने सांगितलं, तबेल्यामागे कामगारांच्या खोल्या आहेत, समोरासमोर दोन ओळी, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. रविवारी दुपारनंतर सगळे घरीच असतात. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान डोलावली. दारं होती, म्हणजे गल्ली होती.

माझ्या नवऱ्याने मला विचारलं, "त्यांच्या कुराणाचं तू एवढं काय मनावर घेतलंस? चर्चमध्ये लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना सांग, तिने केलंय ते वाचन, मी फक्त घोडा बघतेय. तो बिचारा गाडी चालवायला तयार झाला.

बाकी सगळं मी माझ्या अंगावर घेतलं, आणि तिथेच घोळ झाला. महाराष्ट्रीय माणसाला मिरवणूक म्हटलं की एकच सुचतं. त्यात मी पडले वसईची, आमच्याकडे बारशालाही बँड लागतो. आमच्या मराठी मंडळातल्या मुलांचं ढोल-ताशाचं पथक आहे, लग्नांमुळे माझ्या ओळखीचं. मी त्यांना बोलावून ठेवलं, हिला न सांगता. म्हटलं, सरप्राइज. तिच्या नवऱ्याला तेवढ्यासाठी बोटीवरून दोन दिवस किनाऱ्यावर सोडलं होतं, त्याच्याबरोबर त्याच्या बोटीवरचे गावाकडचे दोघं येणार होते. ते त्यांची वाद्यं वाजवतीलच, पण तीन माणसांनी वाजवून वरात होते का? ढोल पाहिजे.

रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा पथक हजर होतं. भगवे फेटे, पांढरे झब्बे, कमरेला ढोल. मी आईचं लुगडं नेसले होते. सुटकेसच्या घड्या त्यावर तशाच होत्या, पण नेसले होते. घोडी पांढरी, तोंडावर मोत्यांचा सेहरा, कारण घोडीवाल्याने नेहमीप्रमाणे नवरदेवाची तयारी केली होती. मी खूश होते. मुलांना म्हटलं, "यल्ला, होऊ द्या सुरू!"

पहिला ठोका पडला, घोडी थिरकली, आणि गाडीतून ती उतरली. अंगात बारीक कापडाचा ब्लाऊज, कमरेला आईने विणलेला लाल लिपा. मागे मुलगी, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या आणि सोनेरी कपड्यांत, टॅबशिवाय मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. आईने ढोल पाहिले आणि हात वर केला. वाजवणारे थांबले.

"हे कोण?"

"आपलीच मुलं. घोडी ढोलावरच नाचते ना, म्हणून..."

"त्यांना जायला सांग."

मी आधी ऐकून घेतलं नाही. मग मला राग आला. एवढी धावपळ केली, मुलं आपला रविवार मोडून आली, आणि हिला नखरे सुचतात! घोडीवाला मध्ये पडला, "मॅडम, ढोल के बिना ये नहीं नाचेगी. आदत है उसकी." मी तिला म्हटलं, ऐकलंस? ढोल वाजला तर घोडा नाचेल. मुलीला नाचणाऱ्या घोड्याचाच शब्द दिला होतास ना? "ढोल काय आणि डफ काय, चामडंच आहे!"

ती माझ्याजवळ आली. तिचा आवाज तसाच खालच्या पट्टीत होता. "सिस्टर, नळाला पाणी होतं ना? मग तुझी आई विहिरीवर का गेली?"

 माझ्या अंगावर त्याच आईचं लुगडं होतं, आणि मी तिला नळाचं पाणी चालवून घे म्हणून सांगत होते. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही गेला नव्हता. मी तशीच पथकातल्या मुलांकडे गेले आणि म्हटलं, सॉरी, ढोल खाली ठेवा. त्यांच्या म्होरक्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कमरेचा दोर सोडला. "मग आम्ही काय करायचं, ताई? उभं राहून बघायचं?"

तिने विचारलं तो काय म्हणतोय. मी सांगितलं. ती म्हणाली, "चार माणसं पाहिजेत. धरायला."

अशा रीतीने मंदार मुलीला घोड्यावर धरायला भगव्या फेट्यातली चार मराठी मुलं उभी राहिली. घोडीचा सेहरा तिने स्वतःच्या हाताने काढला. घोडीने मान झटकली, बहुतेक तिलाही बरं वाटलं असावं.

आता बसायचं होतं, तर मुलगी मागे सरली. पथकातल्या दोघांनी मोबाइल काढले होते, खोल्यांच्या दारांत माणसं जमायला लागली होती. "मामा, एव्हरीवन इज लुकिंग. व्हॉट इफ इट डझन्ट डान्स?"

आईने तिला मंदारमध्ये काहीतरी सांगितलं. मी नंतर विचारलं. तिने सांगितलं होतं: नाही नाचला तर चालेल तेवढा चालेल. पण तू पाठ वाकवायची नाहीस.

दोघी चढल्या. आई पुढे, मुलगी मागे, एक गुडघा वर घेऊन तिरकं बसायची त्यांची ती पद्धत. मला तर बघूनच धडकी भरली, पण मराठी मुलांनी घट्ट धरलं होतं. तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या दोघा गाववाल्यांनी राबाना उचलले. तीनच होते. त्या मोकळ्या वाळवंटात त्यांचा आवाज केवढासा वाटला. ढोलाने छाती हलते, हा ठेका कानाशी येऊन बोलत होता. घोडी कान टवकारून उभी राहिली. घोडीवाल्याने लगाम ओढला तेव्हा चालू लागली. नाचली नाही.

वाट सुरू झाली. दोन्हीकडे दारं: पाकिस्तानी, सुदानी, आपल्याकडचे बिहारी. कुणी बनियनवर, कुणाच्या हातात चहा, कुणी नमाजाहून नुकताच आलेला. एकाने दुसऱ्याला विचारलं, "दुल्हा किधर है?" वाटेच्या मध्यावर घोडी थांबवायची होती, कारण तिथे पद म्हणायचं होतं. आजोबा येऊ शकत नव्हते. इथे व्हिडिओ कॉलचे नखरे, तिकडे नेटवर्कचे. म्हणून त्यांनी पदं म्हणून व्हॉइस नोट पाठवली होती, आणि ती वाजणार होती घोडीवाल्याच्या त्या चाकांच्या स्पीकरमधून, ज्यावर एरवी वरातीची गाणी लागतात.

आजोबांचा आवाज आला. घोगरा, मध्येच खोकला, मागे कुठेतरी कोंबडा. मला एक शब्द कळत नव्हता. तिने मला आधी सांगितलं होतं, की पहिल्या पदात ते नातीला विचारतात: एवढ्या दूरच्या उन्हात वाढलेली ही कोण मुलगी, जिने पानामागून पान संपवलं आणि दिवा विझू दिला नाही? चार ओळी झाल्या. आवाज थांबला.

आणि काहीच झालं नाही. सगळे बघत उभे. घोडीवर बसलेली ती समोर बघत होती, मुलीने खालचा ओठ दाताखाली धरला होता. इथे गल्लीने आरोळी द्यायची असते. या गल्लीला ते माहीत नव्हतं. पण मला माहीत होतं ना! स्वयंपाकघरात तिने मला ती आरोळी करून दाखवली होती. मी लुगड्याचा काष्टा सावरला, तोंडाशी हात धरला आणि वसईच्या बाजारात ओरडावं तशी ओरडले. एकटीच. माझा नवरा दचकला. मग दोघींना धरून उभी असलेली चार मुलं ओरडली, कारण पथकातल्या मुलांना ओरडायला निमित्त लागत नाही. मग सुदानी माणसाने जीभ हलवून काहीतरी भलतंच आणि फार सुंदर केलं, आणि दोन्ही ओळींतली दारं एकदम बोलली.

मुलीची पाठ ताठ झाली. मी पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, आईसारखीच.

पुढच्या पदांना मला सुरुवात करावी लागली नाही. आजोबांची ओळ संपायचा अवकाश, की गल्ली तयार. शेवटच्या पदाला तर हातात चहा असलेला माणूस ओळ संपायच्या आधीच ओरडला आणि सगळे त्याला हसले. वाट संपत आली तेव्हा राबानाच्या ठेक्यावर घोडीने एकदा, दोनदा मान खाली-वर केली. "देखा, देखा!" घोडीवाला म्हणाला. पण पाय काही उचलले नाहीत.

मुलगी खाली उतरली. आईने तिला जवळ घेतलं. आई रडत होती, तिचा नवरा रडत होता, मी तर कधीच सुरू केलं होतं. मी मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "सी? इट डान्स्ड फॉर यू."

"नो, आंटी," ती म्हणाली. "दॅट वॉज वॉकिंग."

मला वाटलं, झालं, आता म्हणेल इट्स फाइन. ती म्हणाली नाही. तिने माझा हात बाजूला केला आणि सरळ घोडीवाल्यापुढे जाऊन उभी राहिली. सोनेरी कपड्यांवर वाळू उडाली होती. तिने मागे, माझ्या नवऱ्याच्या कडेवर झोपी गेलेल्या धाकटीकडे बोट दाखवलं. मग इंग्रजी त्याला कळणार नाही असं वाटून असेल, आईच्या क्लिनिकमधल्या हिंदीत बोलली.

"अगला इसका नंबर है. ये अभी अलिफ पे है. आपके पास टाइम है." आणि बापाच्या हातातला राबाना दाखवून म्हणाली, "घोड़े को ये सिखाओ. ढोल नहीं. ये."

घोडीवाल्याने मोठमोठ्या शेठ लोकांच्या वराती काढल्या आहेत, तो सहसा कुणापुढे नमत नाही. त्याने त्या दहा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं, मग डोक्यावरची टोपी नीट केली.

"जी, मॅडम," तो म्हणाला.